तुमच्याकडे वारा किती असतो?

विंग, म्हणजे बोर्डवर उभं राहून वाऱ्याच्या बळावर पाण्यावरून जाण्यासाठी हातात धरायचा हवा भरलेला कापडी पंख. ती घ्यायची म्हणून गोव्यातल्या एका विक्रेत्याला फोन लावला होता. माणूस सावकाश बोलणारा, नीट ऐकून घेणारा. वजन विचारलं, उंची विचारली, बोर्ड किती लिटरचा आहे, फॉइलचा (बोर्डाखालच्या दांडीला लावलेले, बोर्डाला पाण्याबाहेर उचलणारे पंख) पुढचा पंख किती चौरस सेंटिमीटरचा आहे, तेही विचारलं. ही सगळी उत्तरं माझ्या जिभेवर होती. मग त्याने विचारलं, "ताई, तुमच्याकडे वारा किती असतो?" मी म्हटलं, "असतो ना, चांगला असतो." "तसं नाही," तो म्हणाला, "कमीत कमी किती, जास्तीत जास्त किती, किती वाजता सुटतो, आणि सुटला की धरून राहतो की मध्येच पडतो?" मी 'कळवते' म्हणून फोन ठेवला. जन्म इंदूरचा, शाळा इंदूरची, नोकरी इंदूरची. रामबागेतल्या घराच्या कुठल्या खिडकीतून कुठल्या महिन्यात ऊन आत येतं ते मी डोळे मिटून सांगेन. वारा कुठल्या खिडकीतून येतो तेही सांगेन. पण तो किती, हे आजवर कोणी विचारलंच नव्हतं. ज्याच्या भरवशावर पाण्यावर उभं राहायचं, त्याच्याबद्दल आपल्याकडे 'चांगला' एवढा एकच शब्द असावा, हे मनाला टोचत राहिलं.

मालव्यात वारा नाही असं कोणी म्हणणार नाही. 'शब-ए-मालवा' म्हणून आपण ज्याचं कौतुक करतो ते निम्मं तरी वाऱ्याचंच कौतुक आहे. वैशाखात दुपारी अंगाची लाही होते, डांबर चपलेला चिकटतं, आणि दिवेलागणीनंतर गच्चीवर असं काही सुटतं की मध्यरात्री पायाशी ठेवलेली चादर अंगावर ओढावी लागते. देवासजवळ जामगोदरानीच्या टेकड्यांवर पवनचक्क्या उभ्या राहिल्या त्या याच वाऱ्याच्या भरवशावर. त्या रस्त्याने जाताना ती पाती फिरताना बघून मला दरवेळी वाटायचं, आपल्याकडे वाऱ्याला काय तोटा. पण ती पाती जमिनीपासून कितीतरी उंच फिरतात. विमानतळावरचा वारासुद्धा 10 मीटर उंचीवर मोजण्याची पद्धत आहे. माझी विंग पाण्यापासून फार तर दोन-तीन मीटरवर असणार. जमिनीलगत, झाडांना, घरांना, टेकाडांना घासत येणारा वारा मंदावतो आणि तुटतो. मोबाइलवर 15 नॉट (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे 1.85 किलोमीटर) दिसतात तेव्हा पाण्याशी 11 असतात, आणि तेही मध्येमध्ये.

वारा जमिनीलगत मोजणारी एक बाई मात्र आमच्या घरात होती.

आजी चैत्रापासून वाळवणं घालायची. कुरडया, साबुदाण्याच्या पापड्या, सांडगे, बटाट्याचा कीस. सकाळी उठून गच्ची झाडायची, धुवायची, जुनी नऊवारी लुगडी पसरायची, त्यांच्या कडांवर विटा ठेवायची. तिच्या अंगावर शिजलेल्या चिकाचा आंबूस वास असायचा आणि बोटं साच्याच्या कडांनी लाल झालेली. "दहापर्यंत वारं निजलेलं असतं, तोवर घालून घ्या," असं ती सगळ्यांना घाई करत सांगायची. अकराच्या सुमारास समोरच्या पिंपळाची पानं एकसारखी हलू लागली की धूळ बसू नये म्हणून वरून मलमल यायची. एकच्या पुढे रस्त्यावरचे कागद उडू लागले की ती मलमल काढायला लावायची आणि जाडं पासोडं आणायला सांगायची. कारण पातळ कापड झोतात फुगतं, विटा सरकवतं आणि कुरडयांचा चुरा करतं. मला आणि भावाला मलमलीची दोन टोकं धरून बसायचं काम असे. झोत आला की कापड पोटाशी फुगायचं, मुठी वर उचलल्या जायच्या, आणि आम्ही दोघं ओरडायचो. एवढ्याशा कापडात एवढं बळ कुठून येतं, हे तेव्हा पहिल्यांदा हातांना कळलं. पुष्कळ वर्षांनी ब्रिटिश नौदलातल्या फ्रान्सिस ब्यूफर्टचं वाऱ्याचं कोष्टक वाचनात आलं. त्याची सुरुवात 1805 सालची, जमिनीवरच्या खुणा त्यात पुढे जोडल्या गेल्या. पानं आणि बारीक डहाळ्या सतत हलत असतील तर तिसरा जोर, म्हणजे 7 ते 10 नॉट. धूळ आणि सुटे कागद उडू लागले की चौथा, 11 ते 16 नॉट. मलमल कधी आणि पासोडं कधी, याची आजीची सीमा बरोबर तिथेच होती. मी ते पान वाचताना थांबले आणि तिची फार आठवण झाली.

विंगची घराण्यातली पणजीसुद्धा घरगुती कापडातूनच आलेली आहे. अमेरिकेत फ्रान्सिस रोगालो हे वैमानिकी अभियंते आणि त्यांच्या पत्नी गर्ट्रूड या दोघांनी 1940 च्या दशकाच्या शेवटी लवचीक पंखाचे प्रयोग स्वतःच्या घरात केले. गर्ट्रूडबाईंनी स्वयंपाकघरातल्या छिटाच्या फुलाफुलांच्या पडद्याचं कापड शिवलं, आणि 1951 मध्ये त्या पंखाला पेटंट मिळालं. त्यात काठ्यांचा सांगाडा नव्हता, कापडाला आकार वाराच देत होता. पुढे 1984 मध्ये फ्रान्सच्या ब्रिटनी भागातल्या ब्रुनो आणि डोमिनिक लगेन्यू या भावांनी कडेला हवेची नळी असलेल्या पतंगाचं पेटंट मागितलं, म्हणजे पाण्यात पडला तरी तो बुडणार नाही आणि पुन्हा उडेल. आज हातात धरतात त्या विंगची पुढची फुगीर कड आणि मधला फुगीर कणा त्याच वंशातले. 2019 च्या सुमारास कंपन्यांनी या विंग बाजारात आणल्या आणि बघता बघता जगभरचे लोक दोर नाही, डोलकाठी नाही, फक्त हातातला पंख आणि पायाखालचं फॉइल घेऊन पाण्यावरून जाऊ लागले.

मी शिकले रामेश्वरमला. तिथल्या उथळ, गुडघाभर पाण्यात पायाखाली वाळू मऊ लागते आणि उन्हाळ्यातला नैर्ऋत्येचा वारा सुटला की तासन् तास एकाच जोराने वाहतो. अशा वाऱ्यात शिकणं हे भाग्यच. शिकवणाऱ्याने पहिल्यांदा 5 चौरस मीटरची विंग हातात दिली. पंपाने नळीत हवा भरताना दंड भरून आले. दाबाचा काटा 7-8 पीएसआयपर्यंत न्यावा लागतो, त्याखाली ठेवली तर झोतात पुढची कड वाकते आणि सगळा आकारच बिघडतो. मग बोर्डवर गुडघे टेकून विंग डोक्यावर उचलायची. 5 ची विंग टोकापासून टोकापर्यंत तीन मीटरहून रुंद, आणि मी पाच फुटांची. उचलली की एक टोक पाण्यात. पाणी त्या टोकाला असं पकडतं की विंग उलटी होते, हँडल मनगटाला पिळतं, आणि आपण तोंडावर खाऱ्या पाण्यात. उंच माणसाला हे सांगून कळत नाही. मग त्याने 4 ची दिली. ती हातात पाखरासारखी हलकी आली, टोकं पाण्यापासून वर राहिली, पण वारा थोडा कमी झाला की बोर्ड नुसता तरंगत राही आणि मला हातांनी विंग हलवून हलवून वेग आणावा लागे. आणि मग एकदा तो क्षण आला. पाण्याची खळखळ एकाएकी थांबली, पायाखालून सुईच्या टोकासारखा बारीक आवाज येऊ लागला, बोर्ड हवेत होता. हवेपेक्षा पाणी सुमारे 800 पट दाट, म्हणून पाण्याखालचा हातभर रुंदीचा पंख अख्ख्या माणसाला उचलू शकतो, हे मी वाचलं होतं. तरी पाऊल तिथे असताना पोटात जे होतं ते वाचून कळलेलं नव्हतं.

तेव्हा विंग कोणती घ्यायची हा प्रश्न मला सोपा वाटला होता. सगळीकडे तक्ते मिळतात. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला वारा, मधल्या चौकोनात विंगचे चौरस मीटर. 75-80 किलोच्या माणसाला 15 ते 25 नॉटमध्ये 5 ची, त्याहून कमी वाऱ्यात 6 ची, 25 च्या वर 3 ते 4 ची. माझ्या 54 किलोला दोन पायऱ्या खाली उतरून 14 नॉटला 4 ची. तक्ते खोटे नाहीत. पण ते समुद्रावरच्या वाऱ्याचे आहेत, बहुतेक थंड देशांतल्या समुद्रावरच्या. 15 अंश सेल्सियसला समुद्रसपाटीवरची एक घनमीटर हवा 1.225 किलोची असते. आम्ही जातो त्या तलावावर मे महिन्यात, अडीचशे मीटर उंचीवर, 40 अंशाच्या दुपारी तेवढीच हवा साधारण 1.09 किलोची भरते. वाऱ्याचा वेग तोच, पण धक्का दहा-अकरा टक्के कमी. तिकडची 4.5 इकडे 4 च्या जेमतेम वर राहते. वर पाणी गोडं. समुद्राचं पाणी अडीच टक्के जड असतं, म्हणून 85 लिटरचा माझा बोर्ड रामेश्वरमला जेवढा तरंगायचा त्याहून इथे दोन किलोने कमी तरंगतो. दोन किलो म्हणजे काहीच नाही असं वाटेल, पण गुडघ्यावरून पायावर उभं राहताना त्या दोन किलोंनी बोर्डाचं नाक पाण्याखाली जातं.

इंदूरच्या जवळ पाणी आहे. यशवंत सागर आहे, सिरपूर आहे, पण 2022 पासून दोन्ही रामसर स्थळांच्या, म्हणजे जपायच्या पाणथळ जागांच्या, आंतरराष्ट्रीय यादीत आहेत आणि ते पाणी पक्ष्यांचं आहे, तिथे विंग घेऊन जाण्याचा विचारही मला सोसत नाही. म्हणून आमचं पाणी हनुवंतिया. सिमरोल मागे पडलं की भेरूघाट लागतो. मालव्याचं पठार संपतं, गाडी वळणं घेत खाली उतरते, काच खाली केली तर हवा पायरीपायरीने तापत जाते. बडवाह, मोरटक्क्याचा पूल, पुलावरून नर्मदेला हात जोडायचे, सनावद, आणि मग पुनासा धरणाचा तो अफाट इंदिरा सागर. पूर्ण भरल्यावर 900 चौरस किलोमीटरहून मोठा. पहिल्यांदा काठावर उभी राहिले तेव्हा पलीकडचा काठ दिसेना. पाण्यावर पांढरे तुरे उठत होते, वारा पश्चिमेचा होता, आणि मला वाटलं, समुद्रच घरी आला.

बोट क्लबच्या माणसांना विचारूनच आम्ही पाण्यात उतरतो. त्यातला एक वयस्क नावाडी, निमाडचा, माझ्याकडची ती फॉइलची उंच दांडी आणि खालचे पंख निरखून बघत होता. हाताने त्याने खोली मोजल्यासारखी केली आणि म्हणाला, "मैडम, ये इतना नीचे जाता है? तो उधर मत जाना. उधर ठूंठ हैं." मी विचारलं, कसले ठूंठ. "जंगल था," तो म्हणाला, "गाँव थे."

पूर्ण भरल्यावर तलावाची पातळी 262.13 मीटर असते. उन्हाळ्यात ती कित्येक मीटर उतरते, आणि वर्षातला आमचा सगळ्यात भरवशाचा वारा नेमका त्याच महिन्यांत येतो. पाणी उतरतं तशी बुडलेल्या झाडांची खोडं वर येतात. काही पाण्याबाहेर दिसतात, त्यांची भीती नाही. भीती त्यांची, जी पाण्याखाली वीतभर आहेत. मास्ट, म्हणजे फॉइलची ती दांडी, पाऊण मीटरचा, त्याखाली पंख. वेगात असताना तो खोडाला अडकला तर बोर्ड जागेवर थांबतो आणि माणूस पुढे फेकला जातो. पण त्या दिवशी माझ्या मनात आधी खोडं आलीच नाहीत. मनात आलं हरसूद. बाबांची बँकेतली बदली काही वर्षं हरसूदला होती, आम्ही सुट्टीत जायचो. स्टेशनातून बाहेर पडल्यावरचा धुळीचा रस्ता, संध्याकाळी बाजारात पेटणारे दिवे, घरमालकीणबाईंच्या ओसरीवरचं शेणाने सारवलेलं थंड अंगण. 1989 मध्ये तिथे धरणांविरुद्ध मोठा मेळावा झाला, बाबा आमटे आले होते, मेधा पाटकर होत्या. माझ्या बाबांनी त्या दिवशीची वर्तमानपत्रं जपून ठेवली होती. 2004 च्या पावसाळ्याआधी लोकांनी आपापली घरं आपल्याच हातांनी उतरवली, तुळया आणि दारांच्या चौकटी ट्रॅक्टरवर घालून छनेऱ्याला नेल्या, आणि मग पाणी आलं. रेल्वेचा मार्गसुद्धा हलवावा लागला. ज्या पाण्याला मी समुद्र म्हणून आनंदले होते, त्याच्या तळाशी ती ओसरी आहे.

या दोन गोष्टी मनात एकत्र कशा ठेवायच्या ते मला अजून नीट जमत नाही. पाण्यावर तरंगताना होणारा आनंद खरा आहे, शरीराला तो नाकारता येत नाही. आणि कधी वारा पडला, बोर्डवर बसून वाट बघत राहिलं, पाणी सपाट झालं, की खाली काय आहे हे आठवतं, तेही खरं. मी तिथे जाणं सोडलं नाही. पण एक नियम मात्र स्वतःला घालून घेतला, त्या अंगाला जायचं नाही. पश्चिमेचा वारा आम्हाला पूर्वेकडे, तलावाच्या लांबीत ढकलतो. बुडालेली गावं त्याच अंगाला. म्हणजे जेवढं वाऱ्याबरोबर वाहत जाऊ तेवढं परत वाऱ्याच्या तोंडावर चढून यायला हवं. वारा कमी झाला, फॉइलवरून खाली आलो, आणि विंगमध्ये परत उठण्याइतकं बळ नसेल, तर आपण आपोआप तिकडे जाणार जिकडे जायचं नाही.

मग मी मोजायला लागले. हातात धरायचं छोटं वारामापक मागवलं. आधी गच्चीवर, मग दर खेपेला हनुवंतियाच्या काठावर, गुडघाभर पाण्यात उभं राहून, हात वर करून. एक वही केली. मे महिन्यातल्या दुपारचं चित्र हळूहळू स्पष्ट झालं. सकाळी जवळजवळ काही नाही. बाराच्या पुढे हलतं. तीन ते सहा हा खरा वेळ. सरासरी 13 नॉटच्या आसपास, पण त्या सरासरीत राहणं वाऱ्याला जमतच नाही. 9 वर पडतो आणि लगेच 20 वर उसळतो. तापलेल्या जमिनीवरून हवेचे गोळे वर उठतात, त्यांच्या जागी वरची वेगवान हवा धप्पकन खाली येते, म्हणून हे असं तुटक. आता वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. 9 आणि 20 यांत वेग दुपटीहून थोडाच जास्त आहे, पण विंगला लागणारा जोर जवळजवळ पाचपट. एकाच दुपारी, एकाच विंगला, काही सेकंदांच्या अंतराने. तक्त्यातला चौकोन 13 नॉट म्हणतो. ते 13 नॉट माझ्या वहीत क्वचितच सापडतात.

म्हणून प्रश्न असा उरतो की विंग कोणत्या वाऱ्याला घ्यायची. पडत्याला, सरासरीला, की उसळत्याला?

बहुतेक लोक उसळत्या वाऱ्याची भीती धरून लहान विंग घेतात, आणि ते समजण्यासारखं आहे, कारण मोठी विंग झोतात खांदे ओढते, माणूस दमतो, घाबरतो. पण विंगचा एक मोठा गुण इथे उपयोगी पडतो. पाण्यावर ओढत नेणाऱ्या पतंगाला माणूस पट्ट्याने बांधलेला असतो, इथे विंग नुसती हातात. झोत आला की मागचा हात सोडायचा. विंग पुढच्या हँडलवर झेंड्याप्रमाणे मागे फडफडत राहते आणि तिच्यात जवळजवळ जोर उरत नाही. जास्तीचा वारा सोडून देता येतो. कमी पडलेला वारा कुठून आणणार? समुद्रावर वारा पडला तर थांबावं, पुन्हा येतो, आणि कधी नाहीच आला तर वल्हवत किनारा गाठावा. आमच्या पाण्यावर वारा पडतो तेव्हा खोडं वाट बघत असतात. माझ्यासाठी बरोबर विंग ती, जी दिवसातल्या सगळ्यात वाईट दहा मिनिटांत मला फॉइलवर उचलून परत आणेल. वेग, उड्या, वळणं हे सगळं त्यानंतर. हे मत अनुभवी लोकांना भित्रेपणाचं वाटू शकतं. मला ते पटलेलं आहे, आणि आमच्याकडे कोणी नवीन शिकायला आलं तर मी त्याला हेच सांगेन.

वही घेऊन त्या विक्रेत्याला पुन्हा फोन केला. 9, 13, 20, तीन ते सहा, पश्चिमेचा, तुटक, हवा तापलेली, पाणी गोडं, पूर्वेला अडथळे. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आता बोलता येईल." 5 ची घ्यावी असा आकडा हिशेबातून निघत होता. पण माझी उंची मध्ये आली. 5 ची टोकं गुडघ्यावर असताना पाण्यात जातात, आणि जी विंग मला पडत्या वाऱ्यात हवी, तीच पडत्या वाऱ्यात मला नीट उचलता येत नसेल तर तिचा काय उपयोग. शेवटी 4.5 ठरली, आखूड रुंदीची आणि पोटाला जरा खोल असलेली, म्हणजे कमी वाऱ्यात ओढ देणारी. खिडक्या मोठ्या घेतल्या, विंगच्या आडून पुढचं पाणी दिसावं म्हणून. मांडणीवरची सगळ्यात हलकी, महागडी, कडक कापडाची विंग मी मनापासून न्याहाळली आणि बाजूला ठेवली. हलकेपणाचा फायदा कमी वाऱ्यात आहेच, पण कडक चौकटीची विंग झोताचा धक्का तसाच्या तसा खांद्याला देते असं मला रामेश्वरमला जाणवलं होतं, आणि निमाडच्या उन्हात कापड किती टिकेल हाही विचार होताच. हवा भरलेली विंग उन्हात पसरून ठेवायची नाही, हे तर आता घरातल्या लहान मुलांनाही ठाऊक आहे. नळीतली हवा तापून दाब वाढतो, शिवणीवर ताण येतो, आणि उन्हाने कापडाचा कस जातो.

भाचा माझ्याबरोबर येतो. त्याचं वजन 80 किलो, उंची सहा फुटांच्या जवळ, आणि त्याच्यासाठी त्याच पडत्या वाऱ्यात 6 ची लागते. माझी 4.5 आणि त्याची 6 यांच्यात इतकं अंतर आहे की अदलाबदल करता येत नाही. वारा वाढला की तो किनाऱ्यावर येऊन माझी मागतो आणि मला तेव्हाच ती हवी असते. या वर्षी 3.5 ची एक वापरलेली मिळाली तर घ्यायची आहे, आषाढाच्या तोंडावरच्या सोसाट्यासाठी. आमचं खरं भांडण मात्र फॉइलवरून आहे. माझा पुढचा पंख 1500 चौरस सेंटिमीटरचा आहे. तो 1900 चा केला तर उठायला लागणारा वेग साधारण 11 टक्क्यांनी कमी होतो, म्हणजे 9 नॉटमध्येही 4.5 पुरेल. हे सगळं गणित मी वहीच्या शेवटच्या पानावर मांडून ठेवलं आहे. "आत्या, एवढा मोठा पंख घेतलास तर तू पाण्यावर चालत जाशील, उडणार नाहीस," तो म्हणतो. त्याला वेग हवा, त्याच्या वयाला तो शोभतोही. मी त्याला म्हणते, फॉइलवरची पहिली नाव उडाली ती इटलीत, 1906 मध्ये, एनरिको फोर्लानिनी नावाच्या माणसाने लागो माज्जोरे या तलावावर उडवली. समुद्राची हौस तुला असू दे, आपला तलाव तलावासारखा वापरू. संथ जाणारा पंख असला तर पुढचं पाणी वाचायला वेळ मिळतो, आणि आपल्या पाण्यात वाचण्यासारखं पुष्कळ आहे. तो ऐकून घेतो, पण त्याला पटलेलं नाही. पाणी जूनमध्ये सगळ्यात खाली असतं, त्याआधी ठरवायला हवं.